ॲपर्चर बारीक केल्यावर कोपरे काळे का पडतात: फिल्टर, हूड आणि व्हिन्येटिंग

प्रश्न थोडक्यात असा: फुल फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमीची एफ/२.८ वाइड लेन्स, तिच्यावर यूव्ही फिल्टर आणि त्यावर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर). एफ/२.८ ला काढलेल्या फोटोंत कोपरे थोडे मंद दिसतात, पण खपून जातात. त्याच जोडणीने एफ/११ ला निसर्गचित्र काढले की चारही कोपऱ्यांत ठळक काळे तुकडे येतात. ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र; एफ-नंबर मोठा तितके ते बारीक) लहान केले की व्हिन्येटिंग (कोपरे काळवंडणे) कमी होते असे तर सगळेच सांगतात. मग इथे उलटे का झाले? आणि व्ह्यूफाइंडरमध्ये ते आधी का दिसले नाही?

जे दिसले तेही बरोबर आहे आणि सगळे सांगतात तेही. कोपरे काळवंडण्याची कारणे तीन असतात आणि ॲपर्चर बदलल्यावर तिन्ही वेगवेगळी वागतात, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

पहिले कारण नैसर्गिक. कोपऱ्यात प्रकाश तिरका पोहोचतो म्हणून तिथे उजेड कमी पडतो. साध्या हिशेबात ही घट कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने होते. २४ मिमी लेन्सच्या कोपऱ्याचा कोन सुमारे ४२ अंश, म्हणजे मध्यभागाच्या जेमतेम ३० टक्के प्रकाश, सुमारे १.७ स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). एसएलआरसाठी (लेन्समागे आरसा असलेल्या कॅमेऱ्यासाठी) बनवलेल्या वाइड लेन्सची रचना अशी असते की प्रत्यक्षात घट यापेक्षा कमी होते, पण मुद्दा असा की तिचा ॲपर्चरशी संबंध नाही. एफ/२.८ ला जेवढी, तेवढीच एफ/१६ ला.

दुसरे कारण लेन्सची स्वतःची नळी. पूर्ण उघड्या ॲपर्चरला तिरक्या किरणांचा झोत पुढच्या किंवा मागच्या काचेच्या कडेला कापला जातो. रात्रीच्या फोटोत कडेचे धूसर दिवे गोल न दिसता मांजराच्या डोळ्यासारखे लांबट दिसतात, ते यामुळेच. हा दोष दोनतीन स्टॉप बारीक केल्यावर बहुतेक निघून जातो, आणि "बारीक करा, व्हिन्येटिंग जाईल" हा सल्ला याच दोषापुरता खरा आहे.

तिसरे कारण आपण स्वतः पुढे लावलेल्या वस्तू: फिल्टरची कडी, एकावर एक चढवलेल्या दोन कड्या, हूड, चौकोनी फिल्टरचा होल्डर. तुमचा प्रश्न या तिसऱ्या प्रकारातला आहे, आणि तो बारीक ॲपर्चरला कमी होईल की वाढेल हे एकाच गोष्टीवर ठरते.

ती गोष्ट अशी. लेन्सच्या समोरून आत पाहिले की काचांमधून ॲपर्चरचे एक गोल दिसते. याला एन्ट्रन्स प्यूपिल म्हणतात. पुढे नुसते प्यूपिल म्हणू. त्याचा व्यास म्हणजे फोकल लेंग्थ भागिले एफ-नंबर. २४ मिमी लेन्सला एफ/२.८ ला सुमारे ८.६ मिमी, एफ/११ ला २.२ मिमी. आता फोटोच्या कोपऱ्यात पडणारा प्रकाश ज्या दिशेने येतो त्या दिशेला उभे राहून लेन्सकडे पाहतो आहोत असे समजा. फिल्टरची कडी आडवी येऊन प्यूपिलचा काही भाग झाकते. प्यूपिलचा मध्य उघडा असेल, तर ॲपर्चर बारीक केल्यावर उरणारे छोटे गोल पूर्णपणे उघड्या भागात येते आणि कोपरा उजळतो. मध्य कडीमागे गेला असेल, तर छोटे गोल पूर्णपणे कडीमागे जाते आणि कोपरा काळाकुट्ट होतो. ग्रहणासारखेच: मोठे बिंब खंडग्रास झाले तरी थोडा उजेड मिळत राहतो, पण बिंब ठिपक्याएवढे झाले की मधली अवस्थाच उरत नाही, ते दिसते तरी, नाहीतर पूर्ण झाकते तरी.

याचीच दुसरी बाजू म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे किती अंतरापर्यंतच्या वस्तू रेखीव दिसतात ते. कडी लेन्सच्या अगदी पुढ्यात असते, त्यामुळे उघड्या ॲपर्चरला ती इतकी धूसर होते की तिची सावली फोटोभर पसरते आणि ओळखू येत नाही. बारीक ॲपर्चरला तिची कड हळूहळू रेखीव होत जाते.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय हे पटत नाही. फुल फ्रेमचा मध्य ते कोपरा हे अंतर २१.६ मिमी. दूरच्या दृश्यासाठी, कडीच्या पातळीवर कोपऱ्याच्या झोताचा मध्य अक्षापासून किती बाजूला असतो, याचे सूत्र सोपे आहे: प्यूपिलपासून कडीपर्यंतचे अंतर गुणिले २१.६ भागिले फोकल लेंग्थ. या मध्याभोवती झोताची जाडी म्हणजे प्यूपिलची त्रिज्या. दोन्हींची बेरीज कडीच्या आतल्या त्रिज्येपेक्षा कमी असेल तर कोपरा स्वच्छ. नुसता मध्यच कडीपलीकडे गेला, तर बारीक ॲपर्चरला काळा.

समजा तुमच्या लेन्सला ५२ मिमी फिल्टर बसतो, कडीचा आतला व्यास ४९ मिमी (त्रिज्या २४.५), आणि एकट्या यूव्हीची पुढची कड प्यूपिलपासून २५ मिमी पुढे आहे. मध्य २२.५ मिमीवर येतो, म्हणजे कडीच्या आत, २ मिमी राखून. एफ/२.८ ला प्यूपिलची त्रिज्या ४.३ मिमी, म्हणून झोताची बाहेरची बाजू २६.८ पर्यंत जाते आणि साधारण चौथा हिस्सा कापला जातो. लेन्सच्या स्वतःच्या काळवंडण्यात हा अर्ध्या स्टॉपहून कमी फरक सहज मिसळतो. एफ/८ पर्यंत गेलात की त्रिज्या १.५ मिमी होते आणि अगदी टोकाच्या कोपऱ्यातही फिल्टरचा त्रास शून्य.

आता त्यावर ५ मिमी जाडीचा, तेवढ्याच आतल्या व्यासाचा पोलरायझर चढवा. कड ३० मिमीवर गेली. कोपऱ्याचा मध्य २७ मिमीवर, म्हणजे कडीच्या अडीच मिमी पलीकडे. एफ/२.८ ला प्यूपिलची एक फाक अजून उघडी असते आणि साधारण आठवा हिस्सा प्रकाश आत येतो. कोपरा तीन स्टॉपने गडद, पण त्यात रंग आणि तपशील थोडा तरी आहे. एफ/४ ला फाक आणखी बारीक होते. एफ/५.६ ला त्रिज्या २.१ मिमी, अडीचपेक्षा कमी. फाक संपली, कोपऱ्याचे टोक काळे. ५ मिमी धातूने एवढा फरक पडतो.

फोटोवर हे कसे दिसते तेही याच आकड्यांतून निघते. दोन फिल्टर असताना एफ/२.८ ला काळवंडणे मध्यापासून १६ मिमीवर सुरू होते आणि फ्रेम संपली तरी पूर्ण काळे होत नाही. एफ/११ ला ते १८.७ मिमीपर्यंत अजिबात नसते आणि २०.५ मिमीला सगळे काळे. म्हणजे जवळजवळ सात मिमीचा मऊ उतार आक्रसून पावणेदोन मिमीची धार होते. फिल्टरमुळे प्रकाश नेमका निम्मा होतो ती रेषा, इथे १९.६ मिमी, ॲपर्चर कितीही बदलले तरी जागची हलत नाही. तिच्या आतला भाग बारीक केल्यावर उजळतो, बाहेरचा काळा होतो. तुमच्या फोटोंत दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या असणार; एफ/२.८ आणि एफ/११ चे फोटो शेजारी ठेवून पाहिलेत तर कोपऱ्याच्या जरा आतला भाग एफ/११ ला जास्त स्वच्छ दिसेल.

एक सावधगिरी. हा हिशेब अंदाजाचा आहे. बऱ्याच वाइड लेन्समध्ये तिरके पाहिले की प्यूपिल पुढे आणि बाजूला सरकल्यासारखे दिसते, त्यामुळे प्रत्यक्षात फिल्टर हिशेबापेक्षा थोडा कमी आडवा येतो. ५२ मिमीच्या कडीला नेमका इतकाच आतला व्यास असेल असेही नाही. कडीची जाडी कंपनीगणिक बदलते. हिशेब दिशा समजण्यासाठी करायचा, निर्णय चाचणीवर घ्यायचा.

व्ह्यूफाइंडरमध्ये का दिसले नाही? एसएलआरचा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर लेन्स पूर्ण उघडी ठेवून दृश्य दाखवतो, म्हणजे एफ/२.८ चा मऊ उतार दाखवतो आणि डोळा तो पचवून टाकतो. शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडर फ्रेमचा ९५ टक्के भागच दाखवतो. २१.६ चे ९५ टक्के म्हणजे २०.५ मिमी, आणि वरच्या उदाहरणात पूर्ण काळा भाग नेमका तिथून पुढे सुरू होतो. म्हणजे जे दिसायला हवे तेवढेच झाकलेले. डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचे बटण दाबले तर उताराची धार झालेली दिसते, पण टोक तरीही चौकटीबाहेरच. मिररलेस कॅमेऱ्यात चौकट पूर्ण दिसते. मात्र अनेक मॉडेल लेन्स उघडी ठेवूनच दृश्य दाखवतात आणि वर कोपरे उजळवणारी दुरुस्तीही लागू केलेली असते.

टेलिफोटोचे वागणे याच्या अगदी उलट असते, आणि ते कळले की नियम पक्का बसतो. ८५ मिमी एफ/१.४ लेन्स घ्या. प्यूपिलचा व्यास ६१ मिमी, त्रिज्या ३०. ७७ मिमी फिल्टरची आतली त्रिज्या ३७ धरू आणि कड प्यूपिलपासून ५० मिमीवर. कोपऱ्याचा मध्य फक्त १२.७ मिमी सरकतो; तो ३७ च्या बाहेर जाण्याचा प्रश्नच नाही. पण १२.७ आणि ३० मिळून ४३ होतात, म्हणून पूर्ण उघड्या ॲपर्चरला झोताची कड कापली जाते. एफ/२ ला त्रिज्या २१ वर आली की सगळे स्वच्छ. अशा लेन्सवर फिल्टरमुळे कोपरे काळे होत नाहीत, एफ/१.४ ला थोडे गडद होतात आणि धूसर दिव्यांचे गोल कडेला आणखी चिरलेले दिसतात. एकूण काय, वेगवान टेलिला धोका उघड्या ॲपर्चरला, वाइडला बारीक ॲपर्चरला.

हूडचे गणितही हेच, फक्त अंतर जास्त. हूडची कड प्यूपिलपासून जितकी लांब तितका उतार अरुंद आणि कड रेखीव. ५० मिमी लेन्सवर कड ६० मिमी पुढे असेल, तर एफ/२ ला संपूर्ण झोत मोकळा जाण्यासाठी तिथे सुमारे ७७ मिमी व्यासाचे तोंड लागते. एफ/१६ ला ५५ मिमी पुरते. कंपनीचा हूड उघड्या ॲपर्चरचा विचार करून बनवलेला असतो, म्हणून एफ/११ ला काम करणाऱ्याला तो गरजेपेक्षा आखूड किंवा रुंद वाटतो. ते खरेच आहे. पण एफ/१६ ला अगदी बेतून बसवलेला ५५ मिमी तोंडाचा हूड तसाच ठेवून एफ/२ ला फोटो काढलात, तर काळवंडणे मध्यापासून साडेबारा मिमीवरच सुरू होते आणि कोपऱ्यात जवळपास अर्धा प्रकाश जातो. काळे टोक दिसणार नाही, म्हणून दोष हूडचा आहे हे ध्यानातही येणार नाही.

मागेपुढे होणाऱ्या भात्याचा हूड किंवा व्हिडिओचा मॅट बॉक्स वापरणाऱ्यांनी इथे खास लक्ष द्यावे. उघड्या ॲपर्चरला पडद्यावर बघत भाता पुढे ताणायचा आणि कोपरा गडद होताना दिसला की थोडा मागे घ्यायचा, ही पद्धत फसवी आहे. तो मऊ उतार सुरू झाल्याचे डोळ्याला फार उशिरा कळते. कळेपर्यंत प्यूपिलचा मध्य झाकलेला असू शकतो आणि मग एफ/२२ च्या फोटोत काळी धार उमटते. ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्यावर लेन्स बंद करायची, मग भाता पुढे न्यायचा. धार चौकटीत शिरताना स्पष्ट दिसते. तिथून थोडा मागे.

लार्ज फॉरमॅट (मोठ्या सुट्या फिल्मचा भात्याचा कॅमेरा) वापरणाऱ्यांकडे सर्वांत चांगली चाचणी आयतीच असते. ज्या धूसर काचेवर दृश्य पाहतात त्या ग्राउंड ग्लासचे चारही कोपरे बऱ्याचदा कापलेले असतात. त्या कापलेल्या तिरक्या फटीला डोळा लावून लेन्सच्या दिशेने पाहायचे. ॲपर्चरचे पूर्ण गोल दिसले तर कोपरा स्वच्छ. गोलाची बाहेरची बाजू काळ्या कमानीने कापलेली दिसली तर ती कमान फिल्टरची, हूडची की लेन्सच्याच नळीची हे एकेक वस्तू काढून बघता येते. मग ॲपर्चर हळूहळू बंद करत जायचे आणि गोल कमानीपासून मोकळे कधी होते ते पाहायचे. गोल लहान होता होता कमानीतच गडप झाले तर त्या ॲपर्चरला कोपरा काळा, यात शंका नाही. फिल्म एसएलआरवरही हे जमते: फिल्म नसताना मागचे झाकण उघडायचे, शटर बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे) ठेवून केबल रिलीजने अडकवायचे आणि फिल्मच्या चौकटीच्या कोपऱ्याशी डोळा नेऊन तिरके आत पाहायचे. शटर उघडे असताना लेन्स ठरवलेल्या ॲपर्चरवर बंद झालेली असते, म्हणून जे दिसते तेच फिल्मला दिसणार. समोर उजळ भिंत असावी, सूर्य कधीच नको, आणि शटरच्या पडद्यांना बोट लागू द्यायचे नाही.

डिजिटलवर चाचणी फोटो काढूनच करावी; अर्ध्या तासाचे काम आहे. एकसारखी उजळलेली फिकट भिंत किंवा पूर्ण ढगाळ आकाश घ्या. फोकस अनंतावर, झूम असेल तर सर्वांत रुंद टोकावर. कॅमेऱ्यातली कोपरे उजळवण्याची आणि वक्रता सुधारण्याची दुरुस्ती बंद करा आणि रॉ फाइल घ्या, कारण वक्रता सुधारताना सॉफ्टवेअर कडा कापून टाकते आणि नेमका पुरावाच नाहीसा होतो. रॉ उघडणारे सॉफ्टवेअर ही दुरुस्ती आपणहून लावत नाही ना, तेही पाहा. एक्स्पोजर मॅन्युअलवर, भिंत मध्यम करड्यापेक्षा एक स्टॉप उजळ. मग आधी काहीही न लावता पूर्ण उघडे, एफ/५.६, एफ/११ आणि लेन्सचे सर्वांत बारीक ॲपर्चर असे चार फोटो, प्रत्येक वेळी शटर त्याच प्रमाणात हळू करून. नंतर हेच चार फोटो फिल्टर लावून, आणि पुन्हा फिल्टर-हूडची पूर्ण जोडणी लावून. भिंतीवरच्या उजेडाचा संशय असेल तर कॅमेरा उलटा धरून एक फोटो घ्या: गडद बाजू कॅमेऱ्याबरोबर फिरली तर दोष लेन्सपुढे आहे, भिंतीवरच राहिली तर उजेडाचा.

तुलना नेहमी एकाच ॲपर्चरच्या, फिल्टर असलेल्या आणि नसलेल्या फोटोंची. एफ/२.८ ची एफ/११ शी तुलना करून फिल्टरबद्दल काही ठरवू नका, त्यात लेन्सचा स्वतःचा दोष मिसळलेला असतो. आणि निकाल द्यायचा तो सर्वांत बारीक ॲपर्चरच्या फोटोवरून: तिथे धार नसेल तर कोणत्याच ॲपर्चरला काळा कोपरा येणार नाही. मंद गडदपणा उघड्या ॲपर्चरला येऊ शकतो, तो वेगळा तपासायचा.

फोकसचे अंतरही बदलून पाहा. संपूर्ण लेन्स पुढे सरकून फोकस करणाऱ्या जुन्या धाटणीच्या लेन्समध्ये जवळ फोकस केले की दृश्याचा कोन अरुंद होतो, म्हणून अनंतावर स्वच्छ असेल तर जवळही स्वच्छ. आतल्या काचा हलवून फोकस करणाऱ्या लेन्समध्ये कधी उलटही होते, तेव्हा सर्वांत जवळच्या अंतरावरही एक फोटो घ्यावा.

काळेपणा कसा आणि कुठे आहे यावरून कारण पुष्कळदा तिथल्या तिथे कळते. चारही कोपऱ्यांत सारख्या कमानी असतील तर गोल कडी. समोरासमोरच्या दोनच कोपऱ्यांत, तिरप्या रेषेत, असतील तर पाकळ्यांचा हूड पूर्ण फिरून "टक्" असा बसलेला नाही. वरखालच्या लांब पाकळ्या त्या कोपऱ्यांकडे वळल्या आहेत. पाकळ्यांमधल्या खोल खाचा नेमक्या चार कोपऱ्यांसमोर यायला हव्यात. (फोकस करताना लेन्सचा पुढचा भाग फिरत असेल तर त्यावर असा हूड चालतच नाही, गोल लागतो.) एकाच बाजूच्या दोन कोपऱ्यांत काळे असेल तर होल्डर तिरका बसला आहे, किंवा शिफ्ट लेन्स त्या बाजूला सरकवलेली आहे. खालच्या बाजूला मध्यभागी अर्धचंद्र दिसला तर ते व्हिन्येटिंग नव्हेच. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशमध्ये हूड आल्याने पडलेली ती सावली.

आता उपाय. पहिला फुकटचा: यूव्ही काढा, मग पोलरायझर लावा. दोन फिल्टर एकावर एक चढवण्याचे कारण बहुतेक वेळा आळस एवढेच असते, आणि वरच्या उदाहरणात यूव्हीची कडीही ५ मिमी जाडीची धरली, तर ती निघाल्यावर काळा कोपरा पूर्ण जातो. दुसरा, पातळ कडीचा फिल्टर. पातळ पोलरायझर साध्यापेक्षा दोनतीन मिमी वाचवतो, पण बऱ्याच पातळ फिल्टरना पुढे आटे नसतात. त्यावर लेन्सची टोपी नीट बसत नाही आणि स्क्रूचा हूडही लागत नाही.

तिसरा उपाय मला सर्वांत पसंत: स्टेप-अप रिंग लावून मोठा फिल्टर. ५२ वरून ६२ ला गेलात तर त्रिज्या ५ मिमीने वाढते. रिंगची जाडी ३ मिमी धरली, तर २४ मिमी लेन्सच्या कोपऱ्यात त्यातले २.७ मिमी खर्ची पडतात. निव्वळ फायदा २.३ मिमी. ५२ वरून ५८ ची रिंग मात्र जेमतेम बरोबरीत सोडवते. त्रिज्या ३ वाढली आणि २.७ गेली. म्हणून झेप मोठी घ्यावी. सगळ्या लेन्ससाठी एकदाच ७७ किंवा ८२ चे फिल्टर घेऊन रिंगा बदलत राहणे दूरदृष्टीचे. तोटा असा की रिंगेवर लेन्सचा मूळ बायोनेट हूड बहुधा चढत नाही. उलटी, म्हणजे स्टेप-डाउन रिंग वाइड लेन्सवर लावू नये.

स्क्रूचा हूड फिल्टरच्या पुढे लावला की हूडही फिल्टरच्या जाडीइतका पुढे सरकतो. शक्य असेल तर लेन्सच्या नळीवर बसणारा बायोनेट हूड वापरा, म्हणजे फिल्टर त्याच्या आत राहतो. चौकोनी होल्डरला दोनतीन खाचा असतील तर न लागणारी पुढची खाच स्क्रू काढून वेगळी करा आणि वाइडसाठी असलेली, आत दबलेली ॲडॉप्टर रिंग घ्या.

तेवढे करूनही काळे राहिले तर थोडा झूम करा किंवा फोटो छाटा. वरच्या उदाहरणात दोन फिल्टरसकट एफ/११ चा फोटो १८.७ मिमीपर्यंत स्वच्छ आहे, म्हणजे लांबीरुंदीत ८७ टक्के. २४ मिमीची लेन्स २८ मिमीसारखी वापरल्यागत झाले, आणि चौथ्या हिश्श्याचे पिक्सेल गेले. एपीएस-सी सेन्सरचा मध्य ते कोपरा सुमारे १४ मिमीच असतो. त्यावर हीच लेन्स आणि हेच दोन फिल्टर कोणत्याही ॲपर्चरला निर्धास्त चालतात. सॉफ्टवेअरच्या व्हिन्येटिंग स्लायडरकडून मात्र अपेक्षा ठेवू नका. एफ/२.८ चा मऊ उतार तो भरून काढतो. एफ/११ च्या काळ्या तुकड्यात माहितीच नसते, उजळवले तर नुसते दाणे दिसतात आणि धारेला लागून फिकट पट्टा उमटतो.

याच भूमितीचा आणखी एक परिणाम ग्रॅड फिल्टरवर होतो. अर्धा गडद, अर्धा पारदर्शक असा हा फिल्टर कडीच्याच जागी असतो, त्यामुळे त्याची मधली रेषाही बारीक ॲपर्चरला रेखीव आणि उघड्याला मऊ होते. एफ/४ ला बघून क्षितिजावर बसवलेला ग्रॅड एफ/१६ ला डोंगरावर सरळ पट्टा ओढतो. ॲपर्चर आधी ठरवा, प्रीव्ह्यू दाबा, मग फिल्टर वरखाली करा.

एनडी फिल्टरचे (प्रकाश कमी करणाऱ्या करड्या काचेचे) काळे कोपरे मात्र या कशातच बसत नाहीत, आणि त्यापायी अनेकजण उगाच कडी बदलत बसतात. संपूर्ण काचच रंगवलेली असेल तर तिरका किरण तिच्यातून जास्त लांब वाट कापतो. ४२ अंशांनी येणारा किरण काचेत शिरल्यावर साधारण साडेसव्वीस अंशांवर वळतो आणि त्याची वाट १२ टक्क्यांनी लांबते. १० स्टॉपचा फिल्टर कोपऱ्यात ११.२ स्टॉपचा होतो. ६ स्टॉपचा ६.७. हा गडदपणा सगळीकडे मऊ असतो, ॲपर्चर बदलल्याने तसूभरही बदलत नाही, आणि कडी कितीही पातळ घेतली तरी जात नाही. त्यावर सॉफ्टवेअरचा स्लायडर चांगला चालतो, कारण माहिती शाबूत असते. एक्स्पोजर थोडे सढळ ठेवले की कोपऱ्यात दाणेही येत नाहीत.

राहिला सेन्सर हलवून फोटो स्थिर करणारा कॅमेरा. शटर पडते त्या क्षणी सेन्सर मधल्या जागेपासून थोडा सरकलेला असू शकतो, म्हणून ट्रायपॉडवर स्वच्छ निघालेली जोडणी हातात धरल्यावर एखाद्या फोटोत एकच कोपरा काळा करते. हातात धरून काढायचे असेल तर चाचणीही हातात धरूनच, दहाबारा फोटोंची करा, आणि धार चौकटीच्या एखाद-दोन मिलिमीटर बाहेर राहील एवढी मोकळीक ठेवा.